मदत हवी आहे: मिरचीच्या ड्रायरमध्ये मेण, कार्यक्षमता ८० टक्के की २९?

राम राम मंडळी. भिवापूर तालुक्यात शेती आहे. अंगणात मिरची वाळवायची म्हणजे धूळ, कोंबड्या आणि मधेच अवकाळी. म्हणून काच अन् काळ्या पत्र्याचा सोलर ड्रायर घरीच ठोकला. दुपारी आत ७५ अंश होतात. पण दिवस बुडाला की तासाभरात सगळं थंड, आणि पहाटेच्या दवाने कुरकुरीत मिरची पुन्हा चामट.

मेण वितळताना उष्णता गिळतं, गोठताना परत देतं असं कळलं. नागपूरच्या इतवारी बाजारातून ५८ अंशांना वितळणारं २० किलो पॅराफिन आणलं, तेलाच्या दोन पिप्यांत भरून ट्रेखाली ठेवलं. आता रात्री पंखा लावला की दोनेक तास ४५ अंशांची हवा मिळते.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने हिशेब केला: दिलेल्या उष्णतेतली ८० टक्के परत आली. मी खूश! दुसऱ्या दिवशी म्हणतो, "मामा, खरी कार्यक्षमता २९ टक्केच." कार्नोच्या सूत्राने (उष्णतेतून इंजिनासारखं काम जास्तीत जास्त किती निघेल ते सांगणारं), बाहेर ३० अंश धरले तर ७५ अंशांवरच्या उष्णतेतून फार तर १२.९ टक्के काम निघतं, ४५ वरच्या उष्णतेतून ४.७. ८० ला ४.७ ने गुणून १२.९ ने भागलं की २९. म्हणजे उष्णता परत आली, पण तिची प्रत उतरली. गणित पटलं. पण मला मिरची वाळवायची आहे, इंजिन कुठं चालवायचंय? हा २९ मनावर घ्यायचा का?

शिवाय पिपा उघडला तर कडेचं मेण पातळ, मधला गोळा जसाच्या तसा. असं का?

प्रतिसाद १
भाऊ, दोन्ही आकडे बरोबर आहेत. वाळवणीला ८० बघा. २९ एवढंच सांगतो की ४५ ची हवा हवी असताना तुम्ही उगाच ७५ पर्यंत तापवताय. पेटी जितकी तापेल तितकी काचेतून उष्णता जास्त पळते. ५० च्या आसपास वितळणारं मेण घ्या, दुपारी लवकर वितळेल.

गोळ्याचं कारण सोपं आहे. मेणातून उष्णता पाण्यापेक्षाही सावकाश जाते, साधारण एक तृतीयांश वेगाने. पिपा फार जाड पडतो. थंडपेयाचे रिकामे ॲल्युमिनियमचे डबे वापरा, आणि वर थोडी जागा सोडा, मेण वितळताना फुगतं.

पण खरी मेख वेगळीच आहे. किलोला सुमारे २०० किलोज्यूल धरले तर २० किलोत ४,०००. एक किलो पाणी उडवायला साधारण २,४०० लागतात. म्हणजे रात्रभरात फार तर दीड किलोच्या वर थोडं.

धागाकर्ता
दीड किलो? बाप्पा! माझ्या ट्रेवर २५ किलो ओली मिरची असते.

प्रतिसाद १
म्हणूनच रात्री वाळवायच्या भानगडीत पडू नका. पंखा बारीक ठेवा, झडपा बंद करा, मेणाला फक्त दवाशी लढू द्या. तेवढं ते करेल.