तीन वर्षांखालच्या बाळांसाठी पालक मेळावा: वेळ, कोपरे, साहित्य

हिरडा
मेळघाटातलं कोरकू गाव, 140 घरं, अंगणवाडीच्या नोंदीत तीन वर्षांखालची 38 बाळं. अंगणवाडीच्या 'आरंभ' या बालविकास उपक्रमात घेतात तसा, खेळाच्या कोपऱ्यांचा पालक मेळावा घ्यायचा आहे. ग्रामपंचायत महिला-बालकल्याणाच्या 10 टक्क्यांतून 3,000 रुपये द्यायला तयार आहे. जागा म्हणजे एक खोली आणि ओसरी. कधी ठेवावा, कोपरे किती, साहित्य काय? ताई बोलतात, आया भिंतीला टेकून ऐकतात, फोटो निघतात आणि सगळे घरी जातात, असं व्हायला नको आहे.

ओसरी
पहिलं म्हणजे बॅनरवर एक रुपयाही घालू नका.

होळीआधी ठेवलात तर निम्मी घरं सापडणार नाहीत. दिवाळीनंतर कामाला बाहेर पडलेली माणसं होळीला परततात. पण पाठोपाठ मोह सुरू होतो. बाया पहाटेच वेचायला जातात आणि परतल्या की वाळवण असतंच. म्हणून होळीनंतरच्या आठवड्यात, दुपारी 4 ते 6. मे महिना तेंदूपत्त्याचा, त्याचा विचारच नको.

बोलावणं फक्त आयांना देऊ नका. दिवसभर बाळ ज्याच्या कडेवर असतं त्याला बोलवा, म्हणजे आजी, आजोबा आणि आठ-दहा वर्षांची ताई. ती बहीण निमंत्रणात कधीच नसते. खरं तर बाळाशी सगळ्यात जास्त तीच बोलते.

कोपरे पाचच. 38 बाळं म्हणजे एका कोपऱ्यात सात-आठ जोड्या, प्रत्येक ठिकाणी 10 ते 12 मिनिटं. आठ महिन्यांखालच्यांना पाचही कोपरे फिरवू नका, दोन पुरेत. ती थकतात आणि मग सगळी खोली रडते. एकाच्या रडण्यावर दुसरं सुरू होतं, म्हणून तान्ह्यांचा कोपरा ओसरीच्या टोकाला. तिथे गोधडी आणि पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या जाड पट्ट्या, बाळाच्या तोंडापासून 20 ते 30 सेंटिमीटरवर. नवजात बाळाला त्याच अंतरावरचं नीट दिसतं. आजीचा चेहरा त्या पट्ट्यांहून सरस, हे तिला सांगा.

8 ते 18 महिन्यांच्या कोपऱ्यात स्टीलची वाटी आणि फडकं. बाळाच्या देखत वाटी झाकायची आणि थांबायचं. बहुतेकांचं इथेच चुकतं: बाळ हात पुढे करायच्या आत मोठं माणूसच फडकं उचलतं. मनात पाच मोजा. बाळ वाटीकडे बघेल, तुमच्याकडे बघेल, मग हात घालेल. ते बघतं तेव्हा आपण काहीतरी बोलायचं आणि पुन्हा त्याची वाट बघायची. मेंदूतल्या जोडण्या या देवाणघेवाणीतून पक्क्या होतात, खेळणं निमित्तमात्र. सेविकेने खेळून दाखवलं तर ते नाटक झालं. तिने मागे बसावं आणि बाळ घरच्या माणसाच्याच पुढ्यात असावं.

बांबूकाम
साहित्याचं सांगतो. आधी मापाचं नळकांडं करा. पुठ्ठ्याची बरोबर 10 सेंटिमीटरची पट्टी घ्या, दोन्ही टोकं एकमेकांना भिडवून (एकावर एक न चढवता) बाहेरून चिकटपट्टी लावा. आतला व्यास साधारण 32 मिलिमीटर येतो. त्यातून जे खाली पडेल ते तीन वर्षांखालच्या बाळाच्या हातात सुटं द्यायचं नाही. चिंचोके, मणी पडतात हे कळतंच. पाण्याच्या बाटलीचं झाकणही पडतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

खुळखुळ्यासाठी अर्धा लिटरच्या बाटल्या, 12 पुरतील. पाव भाग चिंचोके भरा, अर्ध्याहून जास्त भरलं तर आवाज बसतो. झाकण डिंकाने नको, ओलं झालं की सुटतं. फेव्हिक्विक लावा, वरून चिकटपट्टीचे तीन वेढे.

बांबू गावातच मिळेल. ओला बांबू कापून तसाच वापरलात तर त्यातल्या पिठूळ अंशामुळे भुंगा लागतो. पंधरा दिवस पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. कडांना आधी 80, मग 180 नंबरचा पॉलिश पेपर. बांबूची कूस बोटात गेली की बाळ परत हात लावत नाही. रंग देऊच नका. कुणाकडे उरलेला जुना ऑइल पेंट तर अजिबात नको: रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 2017 पासून आली, डबा त्याआधीचा असू शकतो आणि बाळ सगळं तोंडात घालतं.

गोधड्या, वाट्या, फडकी, टोपल्या घराघरांतून मागून आणा. पैसे वाचतात हा फायदा दुय्यम. तीच वाटी उद्या घरी असते.

हिरडा
आभार. भाषेच्या कोपऱ्याचं काय? सेविका मराठी बोलतात, घरी कोरकू. मराठी आधी शिकवली तर शाळेत सोपं जाईल, असं काही पालकांचं म्हणणं.

ओसरी
कोरकू मराठीची बोली नव्हे, तिचं कूळच वेगळं, मुंडा. बाळाशी घरच्या भाषेतच बोलायचं. आईला मोडक्या मराठीत बोलायला लावलं की ती कमी बोलते, नुकसान तिथे होतं. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. हा कोपरा गावातल्या म्हातारीच्या हाती द्या. भाकरी थापताना, आंघोळ घालताना काय बोलायचं ते तिने कोरकूत करून दाखवावं.

पाव चमचा
खेळाच्या जोडीला लोह बघा. मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण तयार व्हायला लोह लागतं. 6 ते 59 महिन्यांच्या बाळांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिली असतं. बाटली घराघरात असते, पण बहुधा भरलेलीच. शौच काळी होते म्हणून बंद करतात, हे आधीच सांगून ठेवा. कोरा चहा पाजायची सवय असेल तर तीही सोडवा, चहा लोह शोषू देत नाही. ताप असेल किंवा बाळ सॅममध्ये (तीव्र कुपोषित) असेल तर सिरप थांबवून आरोग्यसेविकेला विचारा. सिकलसेल असेल तर डॉक्टरच ठरवतील.

मेळाव्यात एक माणूस फक्त बघायला ठेवा. खुळखुळा मागे वाजवला तरी मान वळत नाही, 18 महिन्यांचं होऊनही चालत नाही, असं दिसलं तर माता-बाल संरक्षण कार्डावरचे टप्पे ताडून नाव आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) तपासणी पथकाला द्या. सगळ्यांसमोर आईला काही बोलू नका, पुढच्या वेळी ती येणारच नाही.

नंतर दर पंधरवड्याच्या गृहभेटीत एकच खेळ. 'केला का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'दाखवा' म्हणा.