ॲडमिनला कशाला धरताय?

कोल्हापूरच्या फुटबॉलवरच्या या चर्चेत एकानं लिहिलंय, क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही आलं तरी गुन्हा ॲडमिनवर पडतो, तेव्हा ग्रुपच बंद करा. तसं नाही भावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, दोघांचा समान हेतू दिसावा लागतो.

आपल्याकडं खरी आग लागते ती स्टेटसवरनं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच संपते, आणि रात्री हरलेल्या तालमीला, म्हणजे पेठेतल्या संघाला, डिवचणारं रील पेठापेठांत फिरतं. आता चेष्टा कोल्हापुरात होणारच, तिच्यावर बंदी घालून बघा, कोण ऐकतंय! पण रेफरीचा फोटो टाकून शिव्या, खेळाडूच्या घरच्यांवर शेरे, जातीवरनं बोलणं आणि ‘बाहेर ये, बघतो’ असली धमकी, एवढ्यासाठी तरी तालमीनं स्वतःच्याच पोराला पुढच्या मॅचला बाहेर बसवावं. समोरच्यांच्या तक्रारीची वाट कशाला बघायची?

बारक्या पोरांच्या फोटोंबद्दल मात्र इथं कुणीच बोललं नाही. नाव, शाळा, सरावाची वेळ, मैदान, सगळं एकाच पोस्टमध्ये! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांना बालकच धरलंय. आईवडिलांना आधी विचारा, आणि त्यांनी हो म्हटलं तरी सरावाची वेळ नि ठिकाण पोस्टमधनं गाळा. कौतुक करायला तेवढी माहिती लागत नाही.