फळे खाऊन कोलेस्टेरॉल कितपत उतरते?

प्रश्न
माझ्या आईचे वय ६१ आहे. गेल्या महिन्यात तिचे एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) २१० आले, म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची गोळी सुरू केली. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून ती रोज सकाळी पेलाभर मोसंबीचा रस घेते आणि गावाकडून आलेली पपनसेही आवडीने खाते. फळांनी कोलेस्टेरॉल खरोखर उतरते का? तसे असल्यास गोळी बंद करता येईल का, असे ती विचारते.

प्रतिसाद १
उतरते, पण रसाने नव्हे. हे काम विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू करतात आणि फळांत ते मुख्यतः पेक्टिनच्या रूपात असतात. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. ती पचनासाठी आतड्यात उतरतात आणि एरवी बहुतांशी पुन्हा शोषली जातात. पेक्टिनचा बुळबुळीत लगदा त्यांतील काही अडवून शौचावाटे बाहेर नेतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील एलडीएल ओढून घ्यावे लागते. मोसंबीचे पेक्टिन सालीखालच्या पांढऱ्या थरात आणि फोडींच्या पापुद्र्यांत असते, म्हणजे रस काढल्यावर गाळणीत उरणाऱ्या ज्या चोथ्याला आपण केराची टोपली दाखवतो, नेमके त्यात. त्यामुळे फोडी पापुद्र्यासकट खाव्यात. पेरू तर फारच उत्तम: १०० ग्रॅम पेरूत सुमारे ५ ग्रॅम तंतू असतात, सफरचंदाच्या जवळजवळ दुप्पट.

मात्र अपेक्षा माफक ठेवावी. दिवसाला ५ ते १० ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात गेले, तर एलडीएल साधारण ५ टक्क्यांनी उतरते, आणि तेवढे तंतूही केवळ फळांतून मिळणे कठीण असल्याने जोडीला ओट्स, राजमा, मसूर किंवा इसबगोल लागतेच. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनने होणारी घट ३० टक्क्यांहून अधिक असते. गोळीची जागा फळे घेऊ शकत नाहीत, हे आईंना प्रेमाने पण स्पष्टपणे सांगावे.

प्रतिसाद २
ट्रायग्लिसराइडचा आकडाही दुर्लक्षून चालणार नाही. पेलाभर रसासाठी तीन-चार मोसंबी लागतात, म्हणजे तेवढ्या फळांची साखर एका दमात पोटात जाते, आणि जास्तीच्या साखरेपासून यकृत ट्रायग्लिसराइडच बनवते. आंबा, चिकू, सीताफळ वर्ज्य नाहीत, पण एका वेळी एकच मध्यम फळ, तेही जेवणावर गोड म्हणून नव्हे तर मधल्या वेळी द्यावे. साखर घातलेले मिल्कशेक मात्र पूर्ण बंद करावेत.

प्रतिसाद ३
मी औषधनिर्माता आहे, म्हणून पपनसाबद्दल आवर्जून लिहितो. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आलेले फळ असून, त्यातील फ्युरॅनोकुमारिन ही द्रव्ये पपनसातही आढळतात. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचे विघटन करणारे आतड्यातील विकर (एन्झाइम) ती निष्प्रभ करतात. परिणामी रक्तातील औषधाचे प्रमाण वाढून स्नायूदुखी होऊ शकते आणि क्वचित स्नायूंना गंभीर इजाही पोहोचते. हा परिणाम दिवसभराहून अधिक टिकत असल्याने, पपनस सकाळी आणि गोळी रात्री असा तोडगा काढून उपयोग नाही. डॉक्टरांना विचारेपर्यंत पपनस थांबवावे, पण गोळी थांबवू नये. हातपाय विनाकारण दुखू लागले किंवा लघवी गडद रंगाची झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. नागपुरी संत्र्याला ही अडचण नाही. ते आईंना खुशाल द्यावे.