मुलीला एलएलबीला घालू का? खाजगी युनिव्हर्सिटी पाच लाख सांगतेय

कळवेकर_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बीकॉम झाली, तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, मार्क बरे आहेत पण चर्चगेटच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजला लागेल एवढे नाहीत. तिच्या मैत्रिणीने नवी मुंबईतल्या एका खाजगी युनिव्हर्सिटीत डायरेक्ट अ‍ॅडमिशन घेतली म्हणून आता हिलापण तिथेच जायचंय. जाऊन बघून आलो, एसी वर्ग, मूट कोर्टाचा (सरावाच्या लुटुपुटूच्या कोर्टाचा) हॉल, त्यात जजची खुर्ची आमच्या घरच्या सोफ्यापेक्षा भारी. तीन वर्षांचे सगळे मिळून पाच लाखाच्या वर जातात. मी रबाळ्याला एमआयडीसीत आहे, रिटायरमेंटला सहा वर्षं राहिली, म्हणजे पैसे पीएफमधूनच काढावे लागणार. आमच्याकडे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये एवढंच माहीत, घरात वकील कोणी नाही, विचारायचं कोणाला. त्यात शेजारचे काका म्हणाले अमेरिकेत लॉ कॉलेजं ओस पडून बंद झाली आणि तुम्ही कुठे पोरीला घालताय. पोरगी म्हणते परीक्षा देऊन जज होईन. कुणी या लाईनमधलं असेल तर खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

कोर्टनाका_वेस्ट

काका, ठाणे कोर्टात पंधरा वर्षं होत आली म्हणून बोलतो. तुम्ही फीचा हिशेब करताय, पण पोरीला सनद (वकिलीचा परवाना) मिळाल्यावर पुढची चार-पाच वर्षं तिला कोण पोसणार तो हिशेब मांडा आधी. मी लागलो तेव्हा सीनियर महिना अडीच हजार द्यायचे, ते पण आठवण केली तर. डोंबिवली-ठाणे पास, पांढरे शर्ट, झेरॉक्स, संपले पैसे. सकाळी साडेदहाला बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघायचा, आपलं मॅटर कितव्या नंबरला आहे, त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावर दुसरं मॅटर, पुकारा झाला आणि तुम्ही नसलात की संपलं, सीनियर हायकोर्टात असतात म्हणून तुम्ही हात जोडून तारीख मागायची आणि जजसाहेबांच्या शिव्या सीनियरच्या वतीने आपण खायच्या. दुपारी सर्टिफाईड कॉपीच्या खिडकीवर. एकदा एका कॉपीसाठी मी नऊ वेळा गेलो, दहाव्यांदा क्लार्कनेच चहा पाजला.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रक काढलंय की ज्युनियरला शहरात महिना निदान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. "द्यावेत" आहे, "द्यायलाच पाहिजेत" नाही. आमच्या टेबलावर ते पत्रक वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने ज्युनियर हसले.

जज व्हायचं म्हणते ते चांगलं आहे, पण मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनच्या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षं प्रॅक्टिस पाहिजे. म्हणजे कॉलेजातून थेट क्लासला जाऊन परीक्षा दिली असं आता होत नाही, आधी आमच्यासारखं तीन वर्षं खिडकीवर उभं राहायचं. तीन अधिक तीन सहा, वर परीक्षेची तयारी. तेवढ्यात तुम्ही रिटायर.

नको घालू असं नाही म्हणत हां. ठाण्यात काम खूप आहे, डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर देत नाही ती जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करणं), रीडेव्हलपमेंट, चेक बाऊन्स, मोटार अपघाताचे क्लेम. पण ते काम मूट कोर्टाच्या खुर्चीमुळे येत नाही, ओळखीने येतं आणि ओळख व्हायला वेळ लागतो.

भाऊ_घोडबंदर

दहा वर्षांत एआय सगळी वकिली करणार आहे. पैसे वाचवा, पोरीला एमबीए करू दे.

कोर्टनाका_वेस्ट

@भाऊ_घोडबंदर पुकाऱ्याला एआय उभा राहणार का? आणि साहेबांनी झापलं की मान खाली कोण घालणार? ड्राफ्टिंग करून देईल ते मान्य, आत्ताच अर्धी पोरं त्यातून नोटिसा काढतात आणि मग जुन्या आयपीसीतली चारशेवीस घालून आणतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, फसवणूक आता ३१८ मध्ये आहे. (आमचे सीनियर अजून चारशेवीसच म्हणतात, पण ते बोलण्यात, लिहिण्यात नाही.)

एडिसनवाला

मी मूळचा डोंबिवलीचा, आता न्यू जर्सीत. बायको इथे लॉ फर्ममध्ये पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) आहे त्यामुळे हा विषय घरात रोजचा. शेजारच्या काकांचं अर्धं बरोबर आहे. २०१० मध्ये इथल्या लॉ स्कूल्सना पहिल्या वर्षाला ५२ हजारांच्या आसपास पोरं होती, तीनच वर्षांत आकडा ४० हजारांच्या खाली आला. काही स्कूल्स खरंच बंद झाली, शार्लटचं, इंडियाना टेकचं, कॅलिफोर्नियात व्हिटियरने २०१७ ला नवीन अ‍ॅडमिशनच थांबवल्या. पण त्याचं कारण वकील नकोसे झाले असं नव्हतं. इथे आधी चार वर्षांची डिग्री आणि त्यावर तीन वर्षं लॉ, लाखभर डॉलरचं कर्ज सहज होतं, आणि २००८ च्या मंदीनंतर फर्म्सनी भरतीच आखडती घेतली. कॉलेजं ब्रोशरमध्ये "आमच्या इतक्या पोरांना नोकरी" छापायची त्यात कॉफी शॉपमधली नोकरीपण मोजायची, पोरांनी त्यावर कॉलेजवरच केसेस टाकल्या (म्हणजे शिक्षण वाया गेलं नाही म्हणा). नंतर आकडे परत चढले.

अजूनही इथे दोन टोकं आहेत, मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाला सव्वादोन लाख डॉलर आणि बाकी बऱ्याच जणांना त्याच्या निम्म्याहून कमी, कर्जाचा हप्ता मात्र दोघांना. तुमचं गणित वेगळं आहे, तुमच्याकडे स्वस्त कॉलेज हा पर्याय तरी आहे. पण ब्रोशरमधल्या प्लेसमेंटच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका एवढं तिकडेही लागू. त्या युनिव्हर्सिटीला विचारा मागच्या बॅचमधली किती पोरं कोर्टात आहेत, किती कंपनीत आणि किती घरी. तिसरा आकडा सांगतात का बघा.

नेरुळची_वकीलताई

बाबा, मी उशिरा आले आहे धाग्यावर पण थांबा, पैसे भरू नका अजून!

पहिलं म्हणजे तुम्ही ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी मध्ये बसता का आणि घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखाच्या आत आहे का? २०२४-२५ पासून राज्य सरकारने अशा मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, पण अ‍ॅडमिशन सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) पाहिजे. खाजगी आणि डीम्ड युनिव्हर्सिटीला ते नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. म्हणजे तुम्ही डायरेक्ट अ‍ॅडमिशन घेतलीत की ती सवलत स्वतःच्या हाताने सोडलीत. कॅपचा फॉर्म भरलाय का तिने? उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर काढून ठेवा, सेतूमध्ये गर्दी असते.

दुसरं, मी स्वतः अडतिसाव्या वर्षी एलएलबी केलं, बँकेत होते. नोकरी चालू ठेवून सनद वापरता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात पूर्णवेळ पगारी नोकराला प्रॅक्टिस बंद आहे, म्हणून मी नोकरी सोडली तेव्हा सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. सनदेला तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास गेले होते, आता जुलै २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ओपनला ७५० आणि एससी-एसटीला १२५ च्या वर घेता येत नाहीत, स्टॅम्प ड्युटी वेगळी. वर ऑल इंडिया बार परीक्षा, शंभर प्रश्न, घाबरण्यासारखी नाही.

कोर्टनाका दादा म्हणतात ते खरं, पण नवी मुंबईत चित्र थोडं बरं आहे. माझं निम्मं काम साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळतो तो), आजोबांच्या नावावर जमीन, आजोबा गेले, वारस अकरा, त्यातली एक आत्या पनवेलला सही द्यायला तयार नाही. वारस दाखल्याचा अर्ज, कोर्टात जाहीर नोटीस, मग सिडकोत फेऱ्या. हे कुठल्याच कॉलेजात शिकवलं नाही मला. पहिली केस माझ्याच कामवाल्या मावशींची होती, फी म्हणून त्यांनी सुकट आणून दिली, पण त्यांच्या पाड्यातून नंतर सात जण आले. तुम्ही कळव्याचे, मूळचे गाववाले असाल तर पोरीला अशी कामं घरातूनच येतील, तिला अगदीच शून्यातून सुरुवात नाही करावी लागणार.

कळवेकर_बाबा

ताई खूप उपकार झाले. ओबीसी आहोत, सहा-साडेसहा लाखात आहे उत्पन्न. कॅपचा फॉर्म भरलाय तिने पण ऑप्शनमध्ये ठाण्यातलं कॉलेज टाकलंच नाही म्हणे, "तिथे बेंच जुने आहेत". आत्ता समोर बसवून टाकायला लावलं, तोंड फुगवून बसली आहे. आणि हो गाववालेच, आमच्याच सातबाऱ्याचं मॅटर वडिलांपासून चालू आहे, पायरी चढू नये म्हणून दोन पिढ्या चढलोच नाही आणि ते तसंच राहिलं.

कोर्टनाका_वेस्ट

पोरीला घेऊन या एकदा, सुट्टी असेल त्या दिवशी. एक दिवस माझ्यासोबत फिरू दे, नंतर तिलाच ठरवू दे. दहाला मामलेदार मिसळवाल्याकडे भेटू, मिसळ माझ्याकडून, साडेदहाला आत जाऊ.

कळवेकर_बाबा

गुरुवारी येतो दादा. तिला पांढरा ड्रेस घालायला लागेल का?

कोर्टनाका_वेस्ट

काही नको. मागच्या बाकावर बसायचं, फोन सायलेंट. आणि मिसळ मीडियमच सांगा, तिखट खाऊन चार वाजेपर्यंत बसवत नाही.