४० लिटरची नवी खाऱ्या पाण्याची टाकी: दोन उपकरणांचे दोन आकडे, खरा कोणता मानावा?

प्रश्न (निळीटाकी, पुणे)

नमस्कार. घरी ४० लिटरची समुद्री टाकी सुरू करून सहा दिवस झाले आहेत. तळाशी वाळू आणि वर लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव असलेले समुद्री दगड) असल्यामुळे, बादलीने मोजून भरताना प्रत्यक्षात ३२ लिटर पाणीच मावले. मासे अजून आणलेले नाहीत. नायट्रोजन चक्र पूर्ण झाल्यावर, म्हणजे घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया टाकीतील जिवाणू संपवू लागले की, क्लाउनफिशची एक जोडी आणण्याचा विचार आहे.

अडचण क्षारतेची आहे. काटा असलेला प्लास्टिकचा हायड्रोमीटर सापेक्ष घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२४ दाखवतो, म्हणजे पाण्यात मीठ थोडे कमी आहे. त्याच पाण्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणारे उपकरण) टाकला की आकडा दर हजारी ४०, म्हणजे किलोभर पाण्यात ४० ग्रॅम मीठ, असा येतो. समुद्रासारखे ३५ हवे असताना हे बरेच जास्त आहे. रिफ्रॅक्टोमीटरचा शून्य मी स्वयंपाकघरातील आरओच्या पाण्याने लावला होता. उन्हाळ्यामुळे रोज साधारण अर्धा लिटर पाणी आटते आणि तेवढेच मिठाचे तयार पाणी मी ओततो. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढे जावे? तसेच टाकीसाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाचे पाकीट फार महाग पडते, त्याऐवजी मिठागरातील खडे मीठ चालेल का?

उत्तर १ (प्रवाळवेडा, ठाणे)

पाण्याला हात लावण्याआधी उपकरणे तपासावीत, कारण चुकीच्या आकड्यावर विसंबून केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महाग पडते.

आरओच्या पाण्याने शून्य लावण्यात मोठी चूक झालेली नाही. त्यात उरलेले क्षार इतके अल्प असतात की या पट्टीवर ते दिसतही नाहीत. खरी गोम पट्टीतच आहे. बाजारात मिळणारे बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. दर हजारी ३५ क्षारतेचे समुद्रजल प्रकाशाला जितके वाकवते तितकेच वाकवण्यासाठी साध्या मिठाचे द्रावण दर हजारी ३६.५ लागते, त्यामुळे शून्य अचूक असूनही असे उपकरण ३५ च्या ठिकाणी ३६.५ दाखवते.

यावर घरगुती उपाय आहे. स्वयंपाकाचे कोरडे बारीक मीठ (टाकीचे समुद्री मीठ नव्हे) ७३ ग्रॅम घ्यावे आणि ते १,९२७ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण विरघळवावे. स्वयंपाकघरातील वजनकाटा एका ग्रॅमपर्यंतच दाखवतो, म्हणून मुद्दाम दोन किलोचे माप सांगितले आहे. द्रावण आणि उपकरण दोन्ही खोलीच्या तापमानाला आले की थेंब टाकून मिनिटभर थांबावे आणि स्क्रू फिरवून रेषा ३५ वर आणावी. हे द्रावण केवळ रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे, हायड्रोमीटर त्याने तपासू नये.

काट्याच्या हायड्रोमीटरविषयी माझा अनुभव असा की काट्यावर क्षार साचले तर तो जड होऊन आकडा कमी दाखवतो आणि हवेचे बुडबुडे चिकटले तर तो उचलला जाऊन आकडा जास्त दाखवतो. पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये तो थोडा वेळ बुडवून स्वच्छ धुवावा. तरीही अंतिम निर्णय मी त्याच्यावर सोपवणार नाही.

उत्तर २ (निळीटाकी)

मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे द्रावण केले. त्याचे वाचन आधी ३६.५ च्या आसपास आले. रेषा ३५ वर आणल्यानंतर टाकीचे पाणी ३८ च्या किंचित वर दिसते. हायड्रोमीटरच्या काट्यावर खरोखर पांढरा थर होता.

उत्तर ३ (प्रवाळवेडा, ठाणे)

हा आकडा तुमच्या सांगण्याशी तंतोतंत जुळतो. पाणी आटते, मीठ मागे राहते. त्यावर तुम्ही सहा दिवसांत तीन लिटर खारे पाणी, म्हणजे सुमारे १०५ ग्रॅम मीठ नव्याने घातले. ३२ लिटरमध्ये ती वाढ लिटरमागे ३.३ ग्रॅम होते. पहिल्या दिवशी पाणी ३५ वर होते असे धरले, तर आज ३८.३ यायला हवे. यापुढे आटलेल्या पाण्याची भरपाई केवळ आरओच्या पाण्याने करावी आणि काचेवर पाण्याच्या पातळीची चिकटपट्टीने खूण करून ठेवावी.

आता उतरवण्याचा हिशेब. ३५ ला ३८.३ ने भागले की ०.९१४ येते, म्हणजे ३२ लिटरपैकी साधारण पावणेतीन लिटर खारे पाणी काढून तितकेच आरओचे पाणी घालावे लागेल. मासे नसले तरी दगडातील सूक्ष्म जीवांना धक्का नको, म्हणून तीन दिवसांत रोज ९०० मिलिलिटरच्या आसपास बदल करावा आणि दुसऱ्या दिवशी मोजूनच पुढचा भाग काढावा. पुढे कधी क्षारता खाली गेली, तर आटलेल्या पाण्याच्या जागी काही दिवस खारे पाणी घालणे हाच सौम्य मार्ग ठरतो. तुमच्या टाकीत ३५ च्या एका लिटरने क्षारता साधारण १.१ ने वाढते. कोरडे मीठ थेट टाकीत कधीही टाकू नये. ते बादलीत, पाणी आधी आणि मीठ नंतर या क्रमाने घालून छोट्या पंपाने दिवसभर फिरवावे.

पावसाळ्यात हवा दमट झाली की पाणी कमी आटेल, तेव्हा सवयीने रोज अर्धा लिटर ओतत राहू नये.

उत्तर ४ (खाडीकाठ, उरण)

खड्या मिठाच्या प्रश्नाकडे कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. उरणजवळच्या आमच्या आगरात पाण्याची दाटी बोमे अंशांत मोजत. समुद्राचे पाणी साडेतीन अंशांच्या आसपास असते. ते उन्हात आटत जाताना कॅल्शियमचा मोठा भाग जिप्सम होऊन आधीच तळाशी बसतो, मीठ २५ अंशांच्या सुमारास धरू लागते, आणि तिशीच्या जवळ पोहोचलेले कडू पाणी सोडून दिले जाते. मॅग्नेशियमचा बहुतेक साठा त्या पाण्याबरोबरच निघून जातो. हाती उरते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १,३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते खड्या मिठाने परत येणार नाही, आणि तरीही तुमचे उपकरण मात्र ३५ दाखवेल. आमच्या आगरातील मिठावर माझे मनापासून प्रेम आहे, परंतु टाकीसाठी पाकिटातील समुद्री मीठच घ्यावे. पाकीट उघडल्यावर ते हवाबंद डब्यात ठेवावे, कारण दमट झालेल्या मिठाचे वजन फसवते आणि त्याच मापाने केलेले पाणी पुढच्या वेळी कमी खारे निघते.