जोकरचा चेहरा धुतला जाता कामा नये

कॉमिकवेडा

परवा रात्री टिम बर्टनचा १९८९ चा बॅटमॅन परत बघितला आणि एका सीनवर अडकलो, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून हा धागा.

म्युझियममधला सीन. बॅटमॅनचा शत्रू, जॅक निकल्सनचा जोकर, फोटोग्राफर विकी वेलसमोर बसलाय, चेहरा साध्या माणसाच्या रंगाचा. फक्त ते हसू ताणलेलं, ते काही जात नाही. मग ती त्याच्या तोंडावर पाणी फेकते, तो किंचाळून चेहरा झाकतो आणि हात बाजूला करतो तेव्हा कातडीचा रंग ओघळलेला असतो आणि खालून पांढराफटक चेहरा दिसतो. म्हणजे मेकअप कुठला, तर माणसाच्या रंगाचा. पांढरा खरा, केमिकलमध्ये पडून झालेला. माझ्या मते जोकर म्हणजे काय हे कुठल्याच पिक्चरने याच्याहून नीट दाखवलेलं नाही. बाकीची माणसं सोंग घ्यायला तोंडाला रंग फासतात, हा माणसासारखा दिसायला रंग फासतो.

आणि त्याच पिक्चरमध्ये तो साबण, शाम्पू, मेकअपच्या सामानात विष मिसळतो, लोकांनी घाबरून सगळं वापरायचं बंद केलंय आणि टीव्हीवर बातम्या देणारी माणसं मेकअपशिवाय बसलीयेत, चेहऱ्यावर पुटकुळ्या, केस विस्कटलेले. अख्ख्या शहराचा मेकअप उतरवला त्याने. हे जमतं कारण त्याचा स्वतःचा चेहरा आता उतरणार नाहीये.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की २००८ पासून पिक्चरवाले जोकरच्या चेहऱ्याचं जे करतायत ते चुकतंय. दिग्दर्शक नोलनने 'द डार्क नाइट'मध्ये पांढरा रंग डबीतला करून टाकला. २०१९ च्या जोकरमध्ये तर तो वाढदिवसाला जाणारा विदूषकच आहे, रात्री घरी जाऊन तोंड धुणारा. अभिनय हीथ लेजर आणि होआकिन फिनिक्स दोघांचा जबरदस्त, दोघांना ऑस्कर मिळालं, त्यावर वाद नाही. पण जो चेहरा धुतला की जातो तो वेष झाला. केमिकलमध्ये पडलेला माणूस परत येऊ शकत नाही, सगळी भीती त्यातच आहे ना?

रंगपेटी

मुळीच मान्य नाही, आणि मी रंगभूषा करते, एकांकिका आणि बालनाट्यांना, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ॲसिडात पडून पांढरा झालेला माणूस म्हणजे अपघात झालेला माणूस. वाईट वाटतं त्याचं, पण त्याने ते निवडलेलं नाही. लेजरचा जोकर मात्र रोज आरशासमोर बसून स्वतःच्या हाताने हे करतो, पिक्चरच्या सुरुवातीलाच बँक लुटणाऱ्यांपैकी एकजण म्हणतो की तो रंग लावतो, लोकांना घाबरवायला, युद्धावर जाताना लावतात तसा. मला ते जास्त भयानक वाटतं. कोणी त्याला असं केलेलं नाही, तो स्वतःला असं करतोय, आणि उद्या परत करणार आहे.

आता कामातलं सांगते. पांढरा रंग लावलेला नट स्टेजवर वीस मिनिटं वावरला की पहिल्यांदा कुठे फुटतो माहितीये? ओठांच्या कडेला, डोळ्यांखाली आणि कपाळावर आठ्या पडतात तिथे. आम्ही तो फुटू नये म्हणून पावडर मारून मारून हैराण होतो. आणि लेजरचे रंगभूषाकार जॉन कॅग्लिओन, त्यांनी उलट केलं, रंग लावताना लेजर कपाळ आक्रसून बसायचा, चेहरा सैल सोडला की आठ्यांच्या आत कातडी कोरडी राहायची आणि रंगाला तडे दिसायचे. पिक्चरमध्ये बघा, जसजसं कथानक पुढे जातं तसा रंग विरळ होत जातो, लाल गालावर पसरतो, काळा गालांपर्यंत उतरतो. कोठडीत बसवलाय, बोटांचे ठसे, डीएनए, दात सगळं तपासून झालंय, काहीच जुळत नाही, कपड्यांना लेबल नाही, खिशात चाकू आणि कापडाचा बारीक कचरा. आणि तोंडावरचा तो फुटका रंग तसाच आहे. अहो, एवढ्या पोलिसांत कोणालाही तो पुसून बघावासा वाटला नाही! कारण पुसला तरी खाली काही सापडणार नाही हे त्यांनाही कळलंय. तुमच्या म्हणण्याप्रमाणे धुतला जाणारा चेहरा म्हणजे वेष. मग हा वेष काढून दाखवा ना कोणीतरी.

सह्याद्रीएक्सप्रेस

+१ रंगपेटी. मिरवणुकीच्या सीनमध्ये तो पोलिसांच्या गणवेशात बिनमेकअपचा उभा असतो, मला पहिल्यांदा बघताना कळलंच नव्हतं. गालावरचे व्रण दिसल्यावर अंगावर काटा आला.

जुनी_रद्दी

दोघंही "मूळ जोकर" असा एकच आहे असं धरून बोलताय म्हणून मध्ये पडतो. जोकर आला १९४० मध्ये, बॅटमॅनच्या पहिल्याच अंकात. चेहरा पांढरा, केस हिरवे, ओठ लाल. का? काहीही सांगितलेलं नाही. ॲसिडची गोष्ट आली १९५१ मध्ये, रेड हूड नावाच्या चोराची, तो चोर केमिकलच्या पाण्यातून पळून जातो आणि बाहेर येतो तेव्हा असा झालेला असतो. म्हणजे पहिली अकरा वर्षं वाचकांना त्याचा चेहरा असा का आहे हे माहीत नव्हतं आणि तरी ते घाबरत होते. मग ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या १९८८ च्या 'द किलिंग जोक' या कॉमिकने तीच गोष्ट इतकी ताकदीने सांगितली की आता सगळ्यांना ती पहिल्यापासूनच होती असं वाटतं. आणि त्यातही तो स्वतः म्हणतो की आपला भूतकाळ आपल्याला कधी असा आठवतो, कधी तसा.

नोलनने नेमकं हेच उचललंय. व्रणांची एक गोष्ट बापाची, दुसरी बायकोची, दोन्ही तितक्याच खात्रीने सांगतो. तेव्हा "मूळ कॉमिकला धरून नाही" हा मुद्दा टिकत नाही. उलट पहिल्या अंकात जोकर पोलिसप्रमुखाचा वेष घेऊन येतो, म्हणजे सह्याद्रीएक्सप्रेसने सांगितलेला मिरवणुकीचा सीन १९४० च्या जास्त जवळचा आहे.

अजून एक. हा चेहरा कुठून आला तर १९२८ च्या 'द मॅन हू लाफ्स' या मूकपटातून, कॉनराड वाइट नावाच्या जर्मन नटाच्या फोटोवरून. तोंडाचे कोपरे मागे ओढून धरायला दातांत यंत्र बसवलं होतं, त्याने बोलताच येत नव्हतं, मूकपट म्हणून चाललं. पण व्हिक्टर ह्यूगोच्या त्या गोष्टीतला माणूस खलनायक नाहीच. लहानपणी मुद्दाम चेहरा कापून त्याला जन्मभर हसरा करून टाकलाय, आणि जत्रेत लोक त्याला बघून हसतात. जोकरचा चेहरा मुळात अन्याय झालेल्या माणसाचा होता. खलनायकाचा तो आपण केला.

कॉमिकवेडा

जुनी_रद्दी, १९४० चा मुद्दा मान्य, मी घाईत लिहिलं. पण कारण सांगितलं नाही म्हणजे रंग होता असंही नाही ना, त्या अंकातही पांढरा चेहरा हाच त्याचा चेहरा आहे आणि वेष घ्यायचा तर तो माणसाचा रंग लावतो. माझं म्हणणं तेच आहे. आणि कोठडीतला मुद्दा चांगला आहे रंगपेटीताई, पण मग मिरवणुकीत तो रंग पुसून उभा राहतोच की, आणि तेव्हा तो मला फक्त एक माणूस दिसला. पुढच्या सीनमध्ये परत रंगवून आल्यावर माझी भीती थोडी कमी झालेली होती, खरं सांगतो.

२०१६ च्या 'सुइसाइड स्क्वॉड'मधला जॅरेड लेटोचा जोकर कोणी काढू नका, कपाळावर 'डॅमेज्ड' असं गोंदवून घेतल्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही.

चाळीतला_बॅटमॅन

लेटोचा चेहरा मलाही आवडला नव्हता पण त्या पिक्चरला मेकअपचं ऑस्कर मिळालंय एवढी नोंद असू दे. आणि सीझर रोमेरोला विसरलात, १९६६ ची मालिका. त्याने मिशी काढायला नकार दिला म्हणून मिशीवरूनच पांढरा रंग फासला, जवळून घेतलं की स्पष्ट दिसते. पिढीच्या पिढी त्या जोकरवर वाढली आणि कोणाचं अडलं नाही.

घाटमाथा

मी सहसा नुसती वाचते, पण आज लिहिते.

माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची असताना स्टोव्हचा भडका होऊन भाजली. उजवा गाल, मान आणि ओठाची एक बाजू. ओठाची ती बाजू वर ओढली गेलीय. द डार्क नाइट आला तेव्हा ती आठवीत होती आणि वर्गातली दोन मुलं तिला रोज एकच प्रश्न विचारायची, तुला माहितीये कोणता, हे व्रण कसे आले सांगू का असा डायलॉग आहे ना त्याचा, तोच उलटा करून. मुलं वाईट नव्हती, पिक्चर पाहून आली होती. तिने तेव्हापासून मधली सुट्टी वर्गातच काढली, डबा बाकावरच खायची.

तुम्ही सगळे व्रण चांगले की रंग चांगला, ॲसिड चांगलं की चाकू चांगला असं बोलताय. आणि कॉमिकवेडा, ज्या म्युझियमच्या सीनचं तुम्ही इतकं कौतुक केलंत त्याच सीनमध्ये जोकरची मैत्रीण अ‍ॅलिशिया येते बघा, चेहऱ्यावर मुखवटा घालून, कारण त्याने तिच्यावर ॲसिड टाकलंय आणि तो तिला आपली कलाकृती म्हणून दाखवतो. पाण्याचा सीन तुम्हाला आठवला. ती आठवली नाही. आपल्या देशात ॲसिड फेकलेल्या बायका आहेत, त्यातली एखादी तो पिक्चर बघत असेल तर तिने कुठे बघायचं?

२०१८ मध्ये ब्रिटनमधे 'चेंजिंग फेसेस' या संस्थेने मोहीम काढली होती, आमचे चेहरे खलनायकांना देऊ नका म्हणून, आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की ज्या पिक्चरमध्ये वाईटपणा दाखवायला व्रण वापरलेत त्यांना पैसे देणार नाही. मी ते बहिणीला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

रंगपेटी

घाटमाथा, वाचून थांबले. मी वर ज्या व्रणांच्या जोकरची बाजू घेतली त्यात रंगाबद्दलच बोलले, व्रणांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, हे आत्ता लक्षात आलं. आम्ही सुद्धा बालनाट्यात राक्षस करायचा म्हटलं की पहिल्यांदा गालावर एक व्रण काढतो, हात आपोआप तिकडे जातो. कोणी सांगावं लागत नाही.

कॉमिकवेडा

अ‍ॅलिशियाबद्दल तुम्ही म्हणताय ते खरं आहे. मी तो पिक्चर सात-आठ वेळा तरी पाहिला असेल आणि ती दरवेळी नजरेसमोरून गेली. माफ करा.

पण मग एक विचारतो, वाद म्हणून नाही. व्रण नकोत हे पटलं, तर कॉमिकमधला पांढरा चेहराच त्यातल्या त्यात बरा नाही का? न कापलेला, न भाजलेला, खडूसारखा पांढरा. असा चेहरा खऱ्या आयुष्यात कोणाचा नसतो, त्यामुळे कोणाला लागणार पण नाही.

जुनी_रद्दी

असतो. कोड असलेल्या माणसांना विचारा. माझ्या काकांना होतं, लग्नकार्यात लोक हातात हात देताना अवघडायचे.

आणि २०२२ च्या 'द बॅटमॅन'मध्ये तर दिग्दर्शक मॅट रीव्ह्जने ते जन्मापासूनच करून टाकलंय. बॅरी केओगनचा जोकर, सगळा मोठा सीन कापला पण नंतर तो वेगळा दाखवला, त्यात जन्मतःच आजारामुळे हसणारा चेहरा, डोक्यावर केसांचे पुंजके, कातडीवर व्रण. कॉनराड वाइटकडे परत जायचं होतं म्हणे. पण तिकडे जाताना ह्यूगोची दया मागेच राहिली, आणला तो नुसता चेहरा. मला आजवरचे जेवढे जोकर माहीत आहेत त्यात हा सगळ्यात खटकला, कारण आजारपण हीच खूण केलीये.

चाळीतला_बॅटमॅन

मग हीच तक्रार २०१९ च्या जोकरबद्दल पण करायला हवी ना? तिथे चेहरा साधा आहे पण हसू आजाराचं आहे, खिशात कार्ड घेऊन फिरतो तो. व्रण चेहऱ्यावरून काढला आणि मेंदूत नेला एवढंच झालं.

रंगपेटी

हो, तो प्रश्न आहेच आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण रंगाच्या बाजूने एकच सांगते. त्या पिक्चरचा पहिलाच सीन, होआकिन फिनिक्स आरशासमोर बसून तोंड रंगवतोय, दोन बोटं तोंडात घालून कोपरे वर ओढतो, मग खाली ओढतो, परत वर, आणि डोळ्यातून पाणी येऊन निळा रंग ओघळतो. ओठ सोडले की तोंड जागेवर. कॉनराड वाइटला जे यंत्र लावलं होतं ते काम इथे स्वतःची बोटं करतायत. आणि शेवटी गाडीच्या बॉनेटवर उभा राहून तोंडातल्या रक्तानेच ते हसू काढतो, तेव्हा बोटं तीच, जागा तीच. चेहरा पूर्णवेळ साधाच राहिलाय. भीती वाटते ती हाताची.

घाटमाथा

माझी बहीण आता नोकरी करते, पुण्यात असते. २०१९ चा जोकर तिनेच मला फोन करून बघ म्हणाली, मला आश्चर्य वाटलं, कारण ती असले पिक्चर टाळते. म्हटलं तुला चालला? तर म्हणाली, ताई, हा रात्री तोंड धुतो आणि त्याचं सगळं बेसिनमध्ये वाहून जातं, मग माझ्याकडे कोणी बघून त्याची आठवण काढणार नाही.

कॉमिकवेडा, तुमच्या धाग्याचं नाव वाचलं तेव्हा मला तेच आठवलं, म्हणून लिहायला घेतलं.

कॉमिकवेडा

धाग्याचं नाव बदलत नाही, कारण कॉमिकपुरतं माझं मत अजून तेच आहे. पण त्याखाली तुमच्या बहिणीचं हे वाक्य राहू दे.

बॅटमॅनचा दुसरा खलनायक टू-फेस, त्याच्यावर धागा काढायचा विचार होता, अर्धा चेहरा जळालेला हेच त्याचं नाव आणि तीच त्याची गोष्ट, ते काढलं तर काय उरतं ते मला सुचत नाहीये. घाटमाथा, तुमची हरकत नसेल तरच काढतो.