टेलिग्राम गेटवेवरून नावं येतात पण फोटो येत नाहीत (प्रोसोडी)

खटपट्या:
घरच्या सर्व्हरवर प्रोसोडी (एक्सएमपीपी चॅटचा सर्व्हर) आहे, त्याला पायथनमधला एक छोटा टेलिग्राम गेटवे (टेलिग्राम आणि एक्सएमपीपीमधला दुवा) कंपोनंट म्हणजे बाहेरचा जोडभाग म्हणून जोडलाय, मेसेज दोन्हीकडून धडाधड जातात, नावंही नीट येतात पण गजिममध्ये (माझं कॉम्प्युटरवरचं चॅट ॲप) सगळ्यांच्या तोंडाच्या जागी नुसतं रंगीत अक्षर. उलट बाजूलाही तेच, कॉन्व्हर्सेशन्समधून (फोनवरचं चॅट ॲप) ठेवलेला माझा फोटो गेटवेपर्यंत पोचतच नाही. लॉगमध्ये एरर शून्य. कुठून बघू?

जुनी_तार:
फोटो राहू दे, आधी प्रेझेन्स (कोण ऑनलाइन आहे ते सांगणारा संदेश) बघ. गजिमचा एक्सएमएल कन्सोल उघड आणि गेटवेकडून येणाऱ्या प्रेझेन्समध्ये फोटो टॅग शोध. त्यात ४० अक्षरी हॅश (फोटोवरून काढलेला ओळख-कोड) असेल तर फोटो आहे, मागून घ्या. टॅग रिकामा असेल तर या माणसाला फोटोच नाही. टॅगच नसेल तर अजून काही ठरलेलं नाही, मग क्लायंट गप्प बसतो. लॉगमध्ये काय येणार, कुणाच्याच मते काही बिघडलेलं नसतं 😄

खटपट्या:
हॅश आहे. गजिम व्हीकार्ड (नाव-फोटो असलेलं प्रोफाइल) मागतो, उत्तरात बेस६४ (मजकूर रूपात बदललेला) फोटोही येतो. तरी दिसत नाही!!

रात्रपाळी:
मग हॅश जुळत नसणार. तो एसएचए-१ (हॅश काढायची पद्धत) खऱ्या इमेजच्या बाइट्सचा लागतो, बेस६४ मजकुराचा नाही. आणि फोटो लहान करून पाठवत असतील तर लहान केलेल्याचाच. आलेला फोटो डिकोड करून शा१सम (एसएचए-१ काढणारी कमांड) मारून बघ.
तुझ्या फोटोचं दुखणं वेगळंय. कॉन्व्हर्सेशन्स तो पेपवर, म्हणजे सर्व्हरवरच्या तुझ्या खात्याच्या नव्या पद्धतीच्या जागेत टाकतं (एक्सईपी ००८४, एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीचे नियम-दस्तऐवज) आणि जुन्या वळणाचे गेटवे व्हीकार्डातच शोधत बसतात (०१५३, ज्यात फोटो ८ केबीच्या आत ठेवा म्हटलंय, यावरून वय ओळखा). प्रोसोडीत व्हीकार्ड_लेगसी मॉड्यूल चालू कर, ०.११ पासून सोबतच येतं, आणि नुसतं व्हीकार्ड नावाचं जुनं मॉड्यूल चालू असेल तर ते काढ. दोन्ही एकत्र ठेवू नकोस.

बिनपगारी_ॲडमिन:
इजॅबर्ड (दुसरा एक्सएमपीपी सर्व्हर) वापरणाऱ्यांसाठी: तिकडे हेच काम मॉड_अवतार करतं, वेबपीचं पीएनजी पण करून देतं.

खटपट्या:
हॅश वेगळाच निघाला राव! गेटवेच्या कोडमध्ये पिलोने (पायथनची फोटो हाताळायची लायब्ररी) फोटो लहान करायच्या आधीच हॅश काढलाय, ती ओळ खाली आणली, रिस्टार्ट मारला, गजिममध्ये चेहरे आले. लेगसी मॉड्यूल पण टाकलं, पण माझा फोटो अजून तिकडे नाही?

रात्रपाळी:
नवीन प्रेझेन्स गेल्याशिवाय हॅश जात नाही. कॉन्व्हर्सेशन्समध्ये अकाउंट बंद करून परत चालू कर.